काच घासणाऱ्यांचं आकाश

१ नोव्हेंबर १९१७ ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर जगातली सर्वांत मोठी दुर्बीण पहिल्यांदाच आकाशाकडे वळणार होती. आरशाचा व्यास १०० इंच, म्हणजे अडीच मीटर. वजन चार टनांच्या वर. तिच्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं ते जॉर्ज एलरी हेल, त्यांचे सहकारी वॉल्टर ॲडम्स आणि पाहुणे म्हणून आलेले इंग्रज कवी आल्फ्रेड नॉईज घुमटात जमले होते. दुर्बीण गुरूवर रोखली गेली. हेलनी डोळा लावला आणि काही न बोलता ते बाजूला झाले. मग ॲडम्सनी पाहिलं. एका गुरूच्या जागी सहासात गुरू, एकमेकांवर चढलेले.

तेवढ्यात लक्षात आलं की दिवसा कामगारांनी घुमट उघडा ठेवला होता आणि ऊन थेट आरशावर पडलं होतं. आरसा निवेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. मंडळी खोल्यांवर गेली, पण झोप कुणाला लागणार? पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला हेल आणि ॲडम्स अंधारातून पुन्हा घुमटात आले. या वेळी दुर्बीण एका ताऱ्याकडे वळवली. तारा एकच दिसला, लख्ख आणि रेखीव.

माझ्याकडे आरसा घासायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर साताऱ्याच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी हा उद्योग मांडला आहे. मुलं सुट्टीत येतात, सहा इंची आरसा स्वतःच्या हातानं घासतात आणि त्याची दुर्बीण करून घरी नेतात. दुर्बिणींच्या इतिहासाकडे मी याच पडवीतून पाहते, त्यामुळे माझं मत थोडं एकांगी वाटेल. शोध लागले की नाव होतं दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याचं. पण त्या शोधांना आधी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली ती काचेची आणि काच घासणाऱ्यांची.

काम कसं चालतं ते सांगते. काचेच्या दोन सारख्या जाड चकत्या घ्यायच्या. एक टेबलावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची आणि दोघींच्या मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे ढकलायची, जराशी फिरवायची, आपण टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा तेच. हळूहळू वरची काच मध्ये खोल होत जाते आणि खालची मध्ये फुगत जाते. खड्डा कुणी मोजून पाडत नाही, दोन काचा एकमेकींना आकार देतात. सहा इंची आरशाचं नाभीय अंतर चार फूट ठेवलं, तर मध्यावरची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. मग पूड बारीक, आणखी बारीक होत जाते. शेवटी पिचच्या थरावर, पाण्यात कालवलेल्या सेरियम ऑक्साईडनं काच चकचकीत करायची.

इथवर आरसा मोठ्या गोलाचा एक तुकडा झालेला असतो. ताऱ्याचे सगळे किरण एकाच बिंदूत यायचे तर तो गोलाकार नव्हे, अन्वस्ताकार हवा. माझ्या सहा इंची आरशात या दोन आकारांमधला फरक मिलिमीटरच्या सुमारे साडेतीन हजाराव्या भागाएवढा. एवढा फरक हातानं पाडायचा आणि तपासायचा कशानं? दाढीच्या ब्लेडनं. फ्रेंच शास्त्रज्ञ लिऑं फूको यांनी १८५० च्या दशकात ही परीक्षा शोधली. आरशासमोर प्रकाशाची बारीक फट ठेवायची, परत येणारे किरण जिथे एकत्र येतात तिथे ब्लेडची धार हळूच आडवी सरकवायची आणि मागून आरशाकडे पाहायचं. आरशावरचे न दिसणारे उंचसखल भाग सावल्यांनी उठून दिसतात. नीट जमलेला अन्वस्ताकार आरसा या परीक्षेत मेदूवड्यासारखा दिसतो आणि तो तसा दिसला की पडवीत आरडाओरडा होतो.

त्या आधी मी एक प्रयोग करून दाखवते. आरशावर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा, उचलायचा आणि लगेच ब्लेडमागून पाहायचं. अंगठा होता तिथे काच फुगलेली असते. मागच्या वर्षी एक मुलगी जवळजवळ किंचाळलीच, "बाई, डोंगर उठला!" काही मिनिटांत तो डोंगर बसतो. माउंट विल्सनच्या आरशाला त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं, फक्त अंगठ्याच्या जागी सूर्य होता.

एवढा खटाटोप करून आरसा मोठाच का हवा? अंधारात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. सहा इंची आरसा तिच्या पावणेपाचशे पट प्रकाश गोळा करतो, तर १०० इंची आरसा सव्वा लाख पटींहून जास्त. शिवाय आरसा मोठा तेवढे बारीक तपशील वेगळे दिसतात. दुर्बीण वस्तू 'जवळ' आणते असं आपण म्हणतो, पण तिचं खरं काम प्रकाश वेचण्याचं आहे.

भिंगांच्या दुर्बिणींचा रस्ता लवकरच संपला. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत ४० इंची भिंग बसलं आणि वेधशाळेत रोजच्या वापरात त्याहून मोठं भिंग पुढे कधीच आलं नाही. भिंगातून प्रकाश आरपार जावा लागतो, म्हणून त्याला फक्त कडेनं धरता येतं. मोठं भिंग स्वतःच्याच वजनानं वाकतं. आरशाला पाठीमागून हवा तेवढा आधार देता येतो.

पण आरसेही सुरुवातीला काचेचे नव्हते. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे होते, ठिसूळ, जड आणि हवेनं काळे पडणारे. काळा पडला की पुन्हा चकचकीत करायचा आणि तसं करताना आकार बिघडायचा. या धातूशी सर्वांत चिवटपणे झुंजला तो विल्यम हर्शेल, इंग्लंडमधल्या बाथ गावात संगीत शिकवून पोट भरणारा जर्मन. आरशाला अखेरचा हात देताना मध्येच थांबता येत नाही, म्हणून एकदा तो सोळा तास हात न उचलता घासत राहिला. त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत होती, वाचून दाखवत होती. अशाच घरी घडवलेल्या, सहा इंचांच्या थोड्या वरच्या आरशातून १३ मार्च १७८१ ला त्याला युरेनस सापडला. माणसाला डोळ्यांनी ठाऊक असलेल्या ग्रहांमध्ये भर घालणारा पहिला शोध, आणि तोही माझ्या मुलांच्या आरशाएवढ्या आरशातून! कॅरोलिननं पुढे स्वतः धूमकेतू शोधले. तिचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत भावाच्या बरोबरीनं यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आयर्लंडमधल्या बर गावी लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची धातूचा आरसा उभा केला. तो त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात, पीटच्या भट्ट्या पेटवून ओतला होता. त्या वर्षीच्या वसंतात रॉस यांना श्यामशबल तारकासमूहातला एक तेजोमेघ चक्क भोवऱ्यासारखा वळलेला दिसला. ते काय आहे हे त्यांनाही सांगता आलं नाही. त्याच शरदात आयर्लंडवर बटाट्याच्या दुष्काळाचं संकट कोसळलं आणि दुर्बीण काही काळ बाजूला पडली.

काचेवर चांदीचा पातळ मुलामा देण्याची युक्ती १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत श्टाइनहाइल आणि पॅरिसमध्ये फूको यांनी दुर्बिणीच्या आरशांना लावली आणि सगळं पालटलं. आता काळा पडायचा तो मुलामा. तो धुऊन नवा चढवता येत होता आणि खालच्या काचेचा आकार जिथल्या तिथे राहत होता. आज चांदीच्या जागी बहुधा ॲल्युमिनियम असतं, एवढाच फरक.

हेलच्या १०० इंची आरशाची काच फ्रान्समधल्या सेंट-गोबेन कारखान्यात ओतली गेली. एवढा रस एका वेळी ओतणं शक्य नव्हतं, म्हणून तीन वेळा ओतावा लागला आणि थरांच्या मध्ये बुडबुड्यांचे पडदे अडकून राहिले. ती १९०८ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचली तेव्हा आरसे घासणारे जॉर्ज रिची तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. दुसरी काच ओतण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा हीच वापरायचं ठरलं. पुढे काही वर्षं रिची ती घासत राहिले. बुडबुडे अजून तिच्या पोटात आहेत.

या बुडबुड्यांच्या आरशानं विश्व मोठं केलं. तोपर्यंत वाद होता की देवयानी तारकासमूहात दिसणारा धूसर पट्टा आपल्याच आकाशगंगेतला मेघ आहे की दूरची स्वतंत्र दीर्घिका. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी त्याचं छायाचित्र घेतलं. काचपट्टीवरच्या एका ठिपक्याला त्यांनी आधी नवतारा म्हणून इंग्रजी 'एन' अशी खूण केली होती. जुन्या काचपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर ती खोडून त्यांनी उद्गारचिन्हासह लिहिलं, 'व्हार!' म्हणजे रूपविकारी तारा. तो सेफीड प्रकारचा होता, सुमारे ३१ दिवसांत तेज कमी-जास्त करणारा. अशा ताऱ्याच्या आवर्तनावरून त्याचं खरं तेज कळतं, हा नियम हार्वर्ड वेधशाळेत काचपट्ट्या तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये मांडला होता. खरं तेज कळलं, दिसणारं तेज समोर होतं, अंतर निघालं: सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षं. आजचा आकडा २५ लाख आहे. पण नऊ लाखांवरही वाद मिटला. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे होती आणि रॉसचे 'भोवरे' म्हणजे अशाच दुसऱ्या दीर्घिका होत्या. लेविट यांना हे कळलंच नाही; डिसेंबर १९२१ मध्येच त्या वारल्या होत्या.

१९२९ मध्ये हबल यांनी दाखवलं की दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगानं ती आपल्यापासून लांब जाते. यातले बरेचसे वेग वेस्टो स्लायफर यांनी आधीच, १०० इंचीहून कितीतरी लहान दुर्बिणीवर मोजलेले होते. आणखी फिक्या दीर्घिकांचे वेग मोजायला १०० इंची आरसा लागला आणि मिल्टन ह्युमेसन यांच्यासारखा माणूस लागला. वेधशाळा बांधली जात असताना ह्युमेसन खेचरांवरून डोंगरावर सामान वाहून नेत. नंतर ते तिथेच झाडलोटीच्या नोकरीला लागले आणि रात्री दुर्बिणीवर मदत करता करता जगातल्या उत्तम निरीक्षकांपैकी एक झाले. शालेय शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं होतं. कडाक्याच्या थंडीत, रात्रभर तारा सुईच्या रेषेवरून हलू न देता दुर्बीण सांभाळायची, हे काम पदवीनं येत नाही.

हेल यांचं समाधान इथेही झालं नाही. पॅलोमारच्या २०० इंची आरशासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कारखान्यानं पायरेक्स काच वापरली, कारण ती उष्णतेनं फारच कमी फुगते. पाठीमागे खाचा ठेवून वजन कमी करायचं होतं. मार्च १९३४ मध्ये रस ओतला तेव्हा खाचांसाठी बसवलेले ठोकळे सुटून वर तरंगले. डिसेंबरमध्ये पुन्हा ओतली. ती निववायला महिनोन्‌महिने लागले; घाई केली असती तर काच आतून ताणली जाऊन फुटली असती. १९३६ मध्ये ती उभी करून खास रेल्वेनं, ताशी ४० किलोमीटरच्या आत, अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली आणि वाटेत स्टेशनांवर लोक पाहायला उभे राहिले. घासणं दुसऱ्या महायुद्धात थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं. १९४८ मध्ये दुर्बिणीचं उद्घाटन झालं तेव्हा हेल जाऊन दहा वर्षं झाली होती. त्यानंतरही आरशाची कड किंचित उंच आढळली आणि ती डोंगरावरच हातानं उतरवली गेली. १९६३ मध्ये याच आरशानं गोळा केलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाहून मार्टेन श्मिट यांनी ओळखलं की '३सी २७३' हा साध्या ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचा क्वेसार आहे.

आरसा कितीही नीट घासला, पण परीक्षाच चुकली तर काय होतं, हे १९९० मध्ये हबल अवकाश दुर्बिणीनं दाखवलं. २.४ मीटरचा तिचा आरसा अत्यंत गुळगुळीत होता, पण कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट होता. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. दुसऱ्या, साध्या परीक्षांनी गडबडीची सूचना दिली होती, पण अचूक म्हणवणाऱ्या उपकरणापुढे त्यांना कुणी विचारलं नाही. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिला दृष्टी दिली. माझी मुलं एका परीक्षेचा निकाल मिळाला की नाचतात; मी त्यांना दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा तपासायला लावते, ते यासाठीच.

पाच-सहा मीटरच्या पुढे एकसंध जाड आरसा जवळजवळ अशक्य झाला. सोव्हिएत रशियानं १९७० च्या दशकात सहा मीटरचा आरसा उभा केला, पण एवढी जाड काच रात्रीच्या थंडीबरोबर निवतच नव्हती. मग दोन वाटा निघाल्या. युरोपीय वेधशाळेनं चिलीतल्या पारानाल डोंगरावर ८.२ मीटरचे आरसे जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर जाडीचे केले, मुद्दाम वाकणारे, आणि त्यांच्या पाठीला आकार सतत सुधारणारे आधार लावले. दुसरी वाट जेरी नेल्सन यांची. त्यांनी आरसाच ३६ षटकोनी तुकड्यांचा केला. प्रत्येक तुकडा १.८ मीटरचा, सगळे मिळून १० मीटर. कडांवरचे संवेदक तुकड्यांची जागा क्षणोक्षणी मोजतात आणि यंत्रणा ती सावरते. हवाईच्या मौना केआ शिखरावरच्या या केक दुर्बिणीनं १९९० मध्ये फक्त नऊ तुकडे बसवून पहिलं चित्र घेतलं. एकाच काचेचा आकार धरून ठेवण्याऐवजी तुकड्यांना मिळून आकार धरायला लावणं, ही मला गेल्या शतकातली दुर्बिणीविषयीची सर्वांत धाडसी कल्पना वाटते.

उरली हवा. तारे लुकलुकतात ते हवेमुळेच. केक आणि पारानालमध्ये एक छोटा लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून हवेनं केलेली वाकवावाकवी उलटी वाकवतो. त्यामुळेच आकाशगंगेच्या मध्याशी एका न दिसणाऱ्या बिंदूभोवती सोळा वर्षांत एक फेरी मारणाऱ्या ताऱ्याचा मागोवा घेता आला. तो बिंदू सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा. या कामासाठी केकवर काम करणाऱ्या आंद्रेया गेझ आणि चिलीतल्या दुर्बिणींवर काम करणारे राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला.

आपल्याकडे? पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी त्यासाठी देणगी दिली होती आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण तिथे होती. भारतात तेव्हा तेवढी मोठी दुसरी दुर्बीण नव्हती. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात आज हे फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं. नंतर १९८६ मध्ये तामिळनाडूतल्या कावलूरला भारतातच घासलेल्या २.३४ मीटर आरशाची दुर्बीण सुरू झाली, २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या देवस्थळला ३.६ मीटरची. आता चिलीत ७९८ तुकड्यांचा ३९ मीटरचा आरसा उभा राहतो आहे. तीस मीटरच्या नियोजित दुर्बिणीत भारत भागीदार असून तिच्या काही तुकड्यांना आकार देण्याची सोय बंगळुरूजवळ होसकोटेला केली आहे.

आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, नारायणगावापासून जवळच, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ती रेडिओ लहरी टिपते, पण तिच्यापुढचा प्रश्न हेलचाच होता: एवढा मोठा आरसा वजनानं आणि वाऱ्यानं वाकू नये म्हणून काय करायचं? तिनं टिपायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांब, म्हणजे आरशाला काचेचा गुळगुळीतपणा लागत नाही. स्वरूप यांनी ताणलेल्या दोरांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टीलच्या तारांची जाळी अंथरली. एक ते दोन सेंटिमीटरच्या भोकांतून वारा निघून जातो, लहरी मात्र परावर्तित होतात. त्यामुळे ४५ मीटर व्यासाच्या तब्बल ३० तबकड्या आपल्या खर्चात बसल्या. २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जगभरच्या गटांनी जाहीर केल्या, त्यात या जाळ्यांनी घेतलेली पल्सारांची निरीक्षणं होती.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदचं हे केंद्र लोकांसाठी खुलं करण्याची प्रथा आहे. तारीख आधी पाहून घ्या आणि मुलांना घेऊन जा. पोहोचल्यावर तबकडीच्या खाली उभं राहून वर पाहायला सांगा. जाळीतून आकाश आरपार दिसतं. 'हा आरसा कसा?' असं मुलं नक्की विचारतील. उत्तर तिथल्या माणसांनाच द्यायला लावा.